तिशी उलटली तरी मुलं लग्न-संसाराचं नाव का काढत नाहीत?

तुम्ही लिहिलंय, भाचा एकतीस वर्षांचा झाला, पुण्यात स्पर्धा परीक्षांची ‘तयारी’ करतोय, स्थळाचा विषय निघाला की फोन ठेवतो. या पिढीला जबाबदारीच नको आहे का? मी नवी पेठेत अभ्यासिका चालवतो, त्यामुळे तुमच्या भाच्यासारखी पोरं रोज डोळ्यांसमोर असतात. आयटीवाल्यांचं गणित वेगळं, ते त्यांच्यातल्या कुणी सांगावं.

जबाबदारी टाळायची असती तर ही पोरं सकाळी सहाला कुलूप उघडायची वाट बघत दारात उभी राहिली नसती. लग्न नको असंही त्यांचं म्हणणं नसतं. लग्न, घर, आईवडिलांना पुण्यात आणणं, सगळं एका निकालाला बांधून ठेवलेलं असतं आणि तो निकाल कधी लागेल हे त्यांच्या हातात नसतं.

राज्यसेवा 2020 घ्या, म्हणजे सरकारी अधिकारी निवडणारी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला होती. कोरोनामुळे पुढे गेली, मग मराठा आरक्षणाच्या पेचामुळे आणखी पुढे. शेवटी 14 मार्च 2021 ठरली, तर तीन दिवस आधी तीही लांबणीवर. त्या दिवशी आमची टेबलं ओस पडली, पोरं निषेध म्हणून शास्त्री रस्त्यावर जाऊन बसली. मग कुठे 21 मार्चला पेपर झाला. ही नुसती पूर्व. मुख्य आणि मुलाखत पुढेच. बरं, निवड झाली म्हणून सुटले असंही नाही. 2019 च्या राज्यसेवेत 413 जण निवडले गेले, निकाल जून 2020 मध्ये लागला, आणि वर्ष उलटलं तरी नियुक्ती नाही. गावात सत्कार होऊन गेलेला, आणि मुलीकडचे विचारतायत, “जॉइनिंग कधी?” काय उत्तर देणार?

त्यात 2016 मध्ये सरकारी नोकरीची वयोमर्यादा वाढली. खुल्या वर्गाला 33 ची 38 झाली, मागासवर्गीयांना 43. पोरांच्या भल्यासाठीच केलं, पण माझं स्पष्ट मत आहे की त्यानं ‘आता बास’ म्हणायची वेळही पाच वर्षं पुढे गेली. पूर्वी तेहतिशीला खुल्या वर्गातला पोरगा आपोआप बाहेर पडायचा, मनाविरुद्ध का होईना.

“मग गावी जाऊन शेती का करत नाहीत?” हे हमखास विचारलं जातं. राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 हेक्टर. म्हणजे सव्वातीन एकर, त्यात दोन भाऊ. शिवाय मुलीकडच्यांची अट तुम्हीही ऐकली असेल: मुलाला शेती असावी, पण मुलगा शेतात नसावा. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून बिनलग्नाची पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. लोक हसले. पण 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, आणि ती मुलं आज पंचविशी-तिशीतच आहेत. मुली गर्भातच कुणी मारल्या? याच पोरांच्या आधीच्या पिढीनं.

मुलींचं मात्र नेमकं उलटं आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलगा नोकरी लागत नाही म्हणून थांबतो. बऱ्याच मुली थांबता यावं म्हणून परीक्षा देतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशा गावांतून आलेल्या मुलीला “मला एवढ्यात लग्न करायचं नाही” असं म्हणायची सोय नसते, “मेन्स (मुख्य परीक्षा) आहे” म्हणायची असते. घरून दोन वर्षांची मुदत मिळते, ती पूर्वचा निकाल दाखवून आणखी एका वर्षानं वाढते. आमच्याकडच्या एकीनं तर भावानं पाठवलेला स्वतःचा बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासमोर वाचला. ‘नोकरी’पुढे तिच्या वडिलांनी लिहून घेतलं होतं, ‘स्पर्धा परीक्षेची तयारी (लग्नानंतर बंद)’. तिनं तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चालू घडामोडींच्या नोट्स काढायला घेतल्या.

भाच्याशी बोलायचंच असेल तर लग्नाचं विचारू नका, तो फोन ठेवणारच. त्याच्या हातात किती संधी उरल्यात आणि त्यातली शेवटची कोणती धरायची हे त्यानं ठरवलंय का, ते विचारा. ज्यांनी मध्येच बँकेत, विम्यात, एखाद्या क्लासवर शिकवायला जाऊन साधी नोकरी धरली, त्यांच्या लग्नपत्रिका मला वर्षा-दोन वर्षांत आलेल्या आहेत. पगार बेताचाच होता, पण दर महिन्याला येत होता, आणि मुलीच्या बापाला तेवढं पुरलं.