चरित्र, चारित्र्य आणि कॅप्टनचा स्वभाव

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी फॅनफिक लिहिते, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी रचते. विशेष म्हणजे हे सगळं ती मराठीत लिहिते. सध्या ‘स्टार ट्रेक’ ह्या अंतराळातल्या इंग्रजी मालिकेतले कॅप्टन कर्क आणि स्पॉक एकमेकांच्या प्रेमात पडतात अशी मोठी गोष्ट चालू आहे. परवा ती वही घेऊन आली. “काकू, मी वर सूचना लिहिली होती, ‘ह्या कथेत कॅप्टनचं चरित्र मूळ मालिकेपेक्षा वेगळं आहे.’ पुण्याची मामेबहीण म्हणाली, ‘तू त्याचं चरित्र कधी लिहायला घेतलंस?’ आणि आजीनं वाचून विचारलं, ‘का गं, काय केलं त्यानं?’ मला फक्त ‘आउट ऑफ कॅरेक्टर’, म्हणजे पात्र मूळच्यासारखं वागत नाही, एवढंच म्हणायचं होतं. चुकलं काय? आणि पुढे समलिंगी लिहू की समलैंगिक?”

चुकलं एवढंच की शब्द हिंदीतून आला आणि मराठीत शिरताना अर्थ दाराबाहेर ठेवून आला. इंदूरच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं ‘मुख्य पात्र का चरित्र-चित्रण कीजिए’ ह्या प्रश्नाचं उत्तर कधी ना कधी लिहिलेलं असतं. हिंदीत ‘चरित्र’ गोष्टीतल्या माणसाचाही असतो आणि माणसाच्या नीतीचाही. जीवनकथेला तिथं ‘जीवनी’ हा वेगळा शब्द आहे. मराठीनं वाटणी निराळी केली. चरित्र म्हणजे जीवनकथा: शिवचरित्र, आत्मचरित्र, चरित्रनायक. महानुभावांचं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातलं, तेव्हा ही वाटणी काही कालची नव्हे. नीतीसाठी आपण ‘च’ला काना देऊन आणि शेवटी ‘य’ जोडून चारित्र्य म्हणतो, आणि गोष्टीतल्या माणसासाठी पात्र किंवा व्यक्तिरेखा. इथं कॉलेज सोडताना हातात पडतं ते ‘चरित्र प्रमाण पत्र’. महाराष्ट्रात पोलीस करतात ती ‘चारित्र्य पडताळणी’. कागद एकाच जातीचे, पण शब्द जरासा वेगळा.

म्हणजे पुण्याच्या बहिणीनं मराठी अर्थ घेतला आणि आजींनी इंदुरी. दोघीही बरोबरच वाचत होत्या.

आजींचा अर्थ मात्र जरा उकरून पाहण्यासारखा आहे. चरित्र शब्दातला धातू ‘चर्’, म्हणजे चालणं. पाणिनीचं सूत्र आहे (३.२.१८४), त्यानं ठरावीक धातूंना ‘इत्र’ लावून साधनवाचक शब्द होतात. ज्यानं खणायचं ते खनित्र, ज्यानं नाव वल्हवायची ते अरित्र, आणि ज्यानं चालायचं ते चरित्र. म्हणजे पाय! हे व्याकरणाचं खेळणं नव्हे. ऋग्वेदात (१.११६.१५) विश्पलेचं ‘चरित्र’ पक्ष्याच्या पंखासारखं तुटतं आणि अश्विनीकुमार तिला धातूची तंगडी बसवून देतात. तिथं कोणी तिच्या शीलाबद्दल बोलत नाहीये, बाईचा पाय तुटलाय.

पुढे पायाचं चालणं झालं, चालण्याचं वागणं झालं आणि वागण्याची नीती झाली. गंमत अशी की संस्कृतातला तो पाय आपण विसरलो, पण मराठीनं तो आपल्या बाजूनं पुन्हा शोधून काढला. पाय घसरला, पाऊल वाकडं पडलं, चालचलणूक बरी नाही. पैसे खाणाऱ्याचं पाऊल वाकडं पडलं असं सहसा कोणी म्हणत नाही. पाऊल वाकडं पडतं ते एकाच बाबतीत, आणि बहुधा बाईचंच. वर्तमानपत्रातलं ‘चारित्र्याच्या संशयावरून’ हे ठरीव वाक्य आठव. पुढे पत्नीचा खून किंवा मारहाण, लाचेचा मागमूस नाही. एवढा मोठा शब्द आपण एका खोलीत कोंडून ठेवलाय.

म्हणून दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टीवर ‘चरित्र वेगळं’ अशी पाटी लावलीस की वाचणारा ती ‘वाकडं’ अशीच वाचतो. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, पण शब्दाच्या मनात होतं.

मग ‘आउट ऑफ कॅरेक्टर’ला काय म्हणायचं? ‘भूमिकेबाहेर’ नको. रंगमंचावर नटाला हसू फुटलं की तो भूमिकेतून बाहेर पडतो, ती गोष्ट वेगळी. ‘त्याला शोभत नाही’ तर अजिबात नको. शोभणं आलं की मागोमाग ‘शोभतं का तुला?’ येतं आणि आपण पुन्हा आजींच्या कोर्टात उभे. मराठीत ह्यासाठी नाम शोधूच नये. आपण क्रियापद वापरतो: हे त्याच्या स्वभावाला धरून नाही, हे त्याच्या स्वभावात बसत नाही. कथेवरच्या सूचनेत आटोपशीर हवं असेल तर ‘स्वभावाला सोडून’. फार रागावलेला वाचक म्हणेल, ‘अगं, हा स्पॉक नव्हेच.’ तेही चालेल.

आता माझं खरं भांडण सूचनेशीच आहे. तू स्वभाव बदललास कुठं? कर्क मालिकेत उतावळा, धाडसी, दर दोन-चार भागांत कोणाच्या तरी प्रेमात. स्पॉक अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन म्हणजे परग्रहावरचा, भावना दाबून ठेवणारा. तुझ्या वहीतही दोघं तसेच आहेत. बदललाय तो कल. कल म्हणजे मन कुणाकडे झुकतं ते, स्वभाव म्हणजे ते झुकल्यावर माणूस कसा वागतो ते. कर्क पुरुषाच्या प्रेमात पडला म्हणून स्वभावाला सोडून वागला असं होत नाही. प्रेमात पडून तो तीन पानं गप्प बसला, तर मात्र मी हरकत घेईन.

ओढ आणि स्वभाव ह्यांचं हे नातं मूळ मालिकाही ओळखून होती. १९६६च्या एका भागात स्पॉक रडतो, पण जहाजावर आलेल्या एका संसर्गानं सगळ्यांचाच ताबा सुटलेला असतो, म्हणून. १९६७च्या एका भागात कळतं की व्हल्कन पुरुषांना दर सात वर्षांनी जोडीदाराची अनावर ओढ लागते. मालिकेत तिचं नाव ‘पॉन फार’. एवढा संयमी माणूस कारण मिळालं की कसा कोसळतो, हे दाखवायला लेखकांनी लैंगिकताच वापरली, आणि त्यानं स्पॉकचा स्वभाव मोडला नाही, उलट खोल झाला. चाहत्यांनी नेमका हाच धागा उचलला. दोघांच्या प्रेमाची छापील गोष्ट चाहत्यांच्या एका पत्रिकेत आली १९७४ साली. अशा लेखनाला ‘स्लॅश’ म्हणतात ते ह्या जोडीमुळेच: ‘कर्क/स्पॉक’मधली ती तिरपी रेघ. नुसती मैत्री असेल तर ‘&’ घालायचं, प्रेम असेल तर तिरपी रेघ. आपल्याकडे तिरपी रेघ ‘किंवा’ची, म्हणून आजींना ‘कर्क किंवा स्पॉक’ वाटलं तर त्यांना दोष देऊ नकोस.

तुझा दुसरा प्रश्न लवकर आटपतो. व्याकरणाच्या काटेकोर नियमानं ‘समाज’चं ‘सामाजिक’ होतं तसं ‘समलिंग’चं ‘सामलिंगिक’ व्हायला हवं, पण तसं कोणीच म्हणत नाही. ‘समलैंगिक’ हा आधी ‘लैंगिक’ करून मग ‘सम’ जोडलेला शब्द आहे. आपल्या घरी येणाऱ्या हिंदी पेपरांमुळे तो जवळचा वाटतो, मराठीतही रुळलाय, चूक नाही. मी माणसाबद्दल ‘समलिंगी’ लिहीन, कारण तो छोटा आहे आणि कथेच्या वाक्यात सरकारी वाटत नाही. ओरिएंटेशनसाठी ‘लैंगिक कल’ चांगला आहे. फक्त तुझ्या हिंदी मैत्रिणींना वाचायला देशील तेव्हा सांभाळ. माझ्या भाचीनं तो शब्द वापरला तर शेजारची गुप्ताजींची मुलगी म्हणाली, “और आज?”

न विचारलेली एक गोष्ट सांगते, कारण वहीत मी तिथंच अडखळले. दोन्ही पात्रं पुरुष असली की ‘त्यानं’, ‘त्याचा’ ह्यांचा गुंता होतो. इंग्रजीत लिहिणारे मग ‘उंच माणूस’, ‘तो व्हल्कन’ असं म्हणत सुटतात. तूही ‘काळ्या केसांचा पुरुष’ असं नऊ वेळा लिहिलंयस. आठवड्याभरापूर्वी ओळख झालेल्या माणसाबद्दल असं बोलतात, प्रेमात पडलेल्याबद्दल नाही. मराठीत दोन सोयी आहेत. एक ‘आपला’. ‘त्यानं त्याचा हात आपल्या हातात घेतला’, इथं कोणाचा हात कोणाच्या हातात, शंकाच उरत नाही. दुसरी ‘हा’ आणि ‘तो’. ज्याच्या मनातून दृश्य दिसतंय तो हा, समोरचा तो. ‘ह्यानं पाहिलं, त्यानं मान वळवली.’ दोन अक्षरांत काम भागतं, केसांचा रंग सांगावा लागत नाही.

आणि तू-तुम्ही. मूळ इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून हा प्रश्न त्यांना पडतच नाही. हिंदीत आप, तुम, तू अशा तीन पायऱ्या, म्हणून हळूहळू उतरता येतं. मराठीत बोलण्यातल्या खऱ्या पायऱ्या दोनच, म्हणून ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही उडी असते. तू पहिल्या पानापासून दोघांना ‘अरे-तुरे’ करायला लावलंस आणि ती उडी वाया घालवलीस. मालिकेत स्पॉक नेहमी ‘कॅप्टन’ म्हणतो, क्वचित त्याचं नाव घेऊन ‘जिम’. ज्या ओळीत तो ‘जिम’ म्हणेल त्याच ओळीत त्याच्या तोंडी पहिला ‘तू’ येऊ दे. तोवर कामावर दोघंही ‘तुम्ही’. हे केलंस तर प्रेमाची कबुली वेगळी लिहावीच लागणार नाही, आणि स्पॉकनं ती लिहून दिली असती असंही मला वाटत नाही.

सूचना काढून टाक. ठेवायचीच असेल तर ‘कर्क/स्पॉक, मूळ मालिकेनंतरचा काळ’ एवढं पुरे. आणि आजींना सांग, कॅप्टननं अजून काहीही केलेलं नाही. निदान तिसऱ्या प्रकरणापर्यंत तरी.