इंदूरमध्ये वनस्पतिजन्य पदार्थांचे धोरण कशाला हवे?

आपले इंदूर मुळातच बरेचसे शाकाहारी असताना महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी वनस्पतिजन्य, म्हणजे दूध-तूपही नसलेल्या, पदार्थांचा आग्रह का धरावा, असे आपण विचारले आहे. धोरण हवेच, असे मला मनापासून वाटते. मात्र येथे प्रश्न मांसाचा कमी आणि दूध-तुपाचा अधिक आहे.

बेल्जियममधील गेंट शहराने २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस ठरवला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रुग्णालयांत २०२२ पासून रुग्णाला आधी वनस्पतिजन्य जेवणच सुचवले जाते आणि मांसाहार हवा असल्यास तो मागून घेता येतो. कशावरही बंदी न घालता केवळ क्रम बदलण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे पाकिटांवर शाकाहाराची खूण म्हणून असलेल्या हिरव्या ठिपक्यात दूधही बसते. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात तेलात तळून, वर जिरावण मसाला भुरभुरून, लिंबू पिळून दिलेला गरमागरम गराडू (एक कंद) दूध न पचणाऱ्या माणसाला निर्धास्त खाता येतो. परंतु शेजारच्या कढईतला भुट्ट्याचा कीस दुधात शिजलेला आहे, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि गर्दीत विचारायची सोय नसते. २०२२ च्या केंद्रीय नियमांमुळे व्हीगन, म्हणजे पूर्णपणे वनस्पतिजन्य, पदार्थांच्या पाकिटांवर वेगळे चिन्ह आले आहे. तशीच साधी पाटी सरकारी कॅन्टीन, रुग्णालये आणि छप्पन दुकानसारख्या खाऊगल्ल्यांत उघड्या पदार्थांपुढेही लावावी. पोहे, साबुदाण्याची खिचडी हे पदार्थ तर आधीपासून आहेतच. तेव्हा महापालिकेला नवे काही शिजवायला लावण्याची गरज नाही.