विचारा बिनधास्त: आयर्लंडच्या जंगलात सायकल

प्रश्न: नमस्कार भाऊ, मुलगा डब्लिनला शिकतो, जुलैत त्याच्याकडे चाललोय. वय 48, रोज सकाळी सेमिनरी हिल्स ते गोरेवाडा सायकल मारतो. तिथले डोंगरातले जंगल ट्रेल मला झेपतील का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: काका, दम तुमच्यात आहेच, प्रश्न उताराचा आहे. सेमिनरी हिल्सचा चढ डांबरी, आणि तिथं चिखल, झाडांची ओली मुळं, दगड, त्यात जुलैतही पाऊस कधी येईल नेम नाही, म्हणून रेनकोट ठेवाच. ट्रेलला रंग असतात, हिरवा सोपा, मग निळा, लाल अवघड आणि काळा तर आपल्यासाठी नाहीच समजा.

डब्लिनच्या शेजारी टिकनॉक आहे, वरून अख्खं शहर अन् समुद्र दिसतो, पण तिथं बराचसा मामला लाल रंगाचा, पहिल्याच दिवशी जाऊ नका. मी म्हणेन एक मुक्काम काढून लिमरिक-कॉर्कच्या सीमेवर बॅलीहूराला जा, 90 किमीच्या वर ट्रेल आहेत, त्यातला ग्रीनवुड लूप (लूप म्हणजे फिरून परत सुरुवातीलाच आणणारी वाट) सगळ्यात छोटा, तिथं हात बसला की मगच मोठ्या लूपचं बघा. डब्लिनला लागून असलेल्या विकलो परगण्यातलं बॅलिनस्टोही मस्त आहे, पण ते नंतर. रॉस्ट्रेव्हरचं नाव कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, ते उत्तर आयर्लंड म्हणजे यूके, आधी व्हिसाचं बघा.

सायकल इथून न्यायची भानगड नको, तिथं भाड्यानं मिळते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, बूड सीटवरून उचलून मागे. अंधाराची घाई नाही, जुलैत रात्री साडेनऊलाही उजेड असतो!