हेड उतरवण्याआधी टॅपेट बघून घ्या

प्रश्न : काका, आमची सीएनजीवरची जुनी ओम्नी आहे, यजमान तिच्यातून शाळेच्या मुलांची ने-आण करतात. महिनाभर ती सकाळी मिसिंग करते आणि चढावर पिकअप घेत नाही. मिस्त्रींनी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून व्हॉल्व्हचं काम करायचे 14,000 रुपये सांगितले. दीर म्हणतात, टॅपेट घरीच आवळू. पूर्वी वाजायचे, आता तर आवाजही बंद झालाय. एवढे पैसे घालावेत का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, ‘आवाज बंद झालाय’ हे वाचून मला काळजी वाटली. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा स्क्रू; त्याच्या नि व्हॉल्व्हच्या मध्ये बारीक फट लागते. ते थोडे वाजलेले परवडतात. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बसतो ती कडी, लवकर झिजते, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो आणि टॅपेटची फट मिटत जाते. आवाज थांबतो, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. सीटला टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. नीट टेकला नाही तर कड जळते. आवळलं तर फट आणखी मिटेल, म्हणून दिरांना पाना लावू देऊ नका.

काम जाणत्याकडेच द्या, पण 14,000 आत्ताच नकोत. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी फक्त टॅपेट सेटिंग व त्यानंतर कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये भरणाऱ्या दाबाची) तपासणी, एवढ्याचीच मजुरी ठरवा. मोजून सहा व्हॉल्व्ह आहेत. फट गाडीच्या पुस्तकात दिलेली, फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरलं, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायला सांगा. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तेवढंच राहिलं तर बहुधा व्हॉल्व्ह.

दोष व्हॉल्व्हचाच निघाला तर मात्र हात आखडू नका. सील आणि हेड पॅकिंग नवीनच घाला, टायमिंग बेल्ट जुना असेल तर तोही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही सीट कटिंग, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झालं की प्लग लावून हेड उलटं ठेवायचो, खळग्यांत रॉकेल भरायचो. थोड्या वेळाने पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, बोट फिरवायचं. बोट ओलं झालं की व्हॉल्व्ह पुन्हा घासायला. त्या वेळी यजमानांना तिथे उभं राहायला सांगा, आणि जुने व्हॉल्व्ह मागून घ्या. जळकी कड डोळ्यांना दिसते.

नवी सीट बसली की फट पुन्हा बदलते. 1,000 किलोमीटरनंतरचं टॅपेट सेटिंग त्याच मजुरीत आजच बोलून ठेवा.