वेलीवरच्या गाठी कापू नका! (स्ट्रिंग ऑफ हार्ट्स)

ताई, आधी कात्री खाली ठेवा. वेलीवर मण्यांसारख्या ज्या राखाडी गाठी आल्यात तो रोग नाही की कीड नाही, ते कंद आहेत आणि उद्या रोप दगावलंच तर त्याच गाठींतून ते परत उभं करता येईल.

तुम्ही लिहिलंय की नणंदेने दिलेली हँगिंग कुंडी आहे, हृदयाच्या आकाराची चिमुकली पानं, वरून चंदेरी नक्षी, खालून जांभळट, दोऱ्यासारख्या बारीक वेली आणि तुम्ही ते मनीप्लांटचाच प्रकार समजून रोज पाणी घालताय, आणि आता जुलैत कुंडीजवळची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. एवढ्या वर्णनावरून आणि फोटोवरून खात्रीने सांगते, हे स्ट्रिंग ऑफ हार्ट्स आहे, शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडिआय. मनीप्लांटशी याचं काहीही नातं नाही, हे रुई आणि हरणदोडीच्या कुळातलं झाड.

तरी घरी एकदा पडताळून बघा. याची पानं जोडीने येतात, एकमेकांसमोर. याच्यासारखंच हृदयाच्या आकाराचं पान असलेल्या हार्टलीफ फिलोडेंड्रॉनची पानं एकआड एक येतात आणि बरीच मोठी असतात. नर्सरीत मिलियन हार्ट्स म्हणून जे मिळतं ते डिस्किडिया, त्याचीही पानं जोडीनेच असतात पण जाड, साधी हिरवी, वर नक्षी नाही आणि वेलीवर मणी तर कधीच नाहीत. टर्टल वाइन या दुसऱ्या लोंबत्या वेलीचं पान तळाशी वेलीच्या दांडीला वेढून बसतं, ते लगेच कळतं.

आता हे झाड मूळचं कुठलं ते बघा म्हणजे पाण्याचं गणित आपोआप सुटेल. दक्षिण आफ्रिका, इस्वातिनी, झिंबाब्वे हा याचा मुलूख. जॉन मेडली वूड नावाच्या वनस्पतितज्ज्ञाला ते १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ (Natal) भागात खडकांवरून लोंबताना सापडलं, त्याचंच नाव याला मिळालंय. खडकाच्या फटीत माती ती किती असणार, पाऊस पडला की पाणी निथळून जातं आणि मग कोरडे दिवस, म्हणून हे झाड पाणी कंदात आणि पानात साठवून ठेवतं. मनीप्लांट पाण्याच्या बाटलीत वर्षानुवर्षं जगतो, याला तसं ठेवलं तर कंद सडणार. रोज पाणी आणि वर ठाण्याचा पाऊस, तुमच्या पिवळ्या पानांचं कारण माझ्या मते हेच आहे.

पाणी कधी घालायचं ते वारावर ठरवू नका, पानाला विचारा. कुंडीजवळचं एक पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून बघा. कडक लागलं, दुमडत नाही, तर पाणी नको, माती वरून कितीही सुकलेली दिसू दे. पान मऊ पडून सहज दुमडलं तर भरपूर पाणी घाला, खालून वाहीपर्यंत, आणि पूर्ण निथळू द्या. हँगिंग कुंड्यांना तळाला चिकटलेली जी ताटली येते ती काढूनच टाका, पावसाळ्यात अर्धी झाडं त्या ताटलीत साचलेल्या पाण्याने जातात. पण मुळं सडली असली तर माती ओली असूनही पान मऊ लागतं, म्हणून सध्या तुम्ही या परीक्षेवर जाऊ नका, आधी कुंडी उपडी करून बघा.

मुळं पांढरट आणि घट्ट असतील तर उत्तम, फक्त माती बदला. काळपट असतील आणि ओढल्यावर साल सुटून हातात येत असेल तर तेवढी सगळी कापा. मातीतला मोठा कंद दाबून बघा, बटाट्यासारखा टणक असेल तर तो वाचलाय, पिचपिचीत असेल तर टाकून द्या आणि वेलींवर भिस्त ठेवा. नर्सरीतून बहुतेक रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येतात, ते पावसाळ्यात सुकतच नाही, त्यामुळे ते झाडून काढा. नवीन मिश्रण म्हणजे एक भाग कोकोपीट किंवा माती, एक भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), एक भाग जाड रेती नाहीतर विटांचा चुरा, थोडे कोळशाचे तुकडे. कुंडी छोटी आणि उथळ घ्या, मोठ्या कुंडीत ओल राहते.

मग त्या मण्यांचं काम. मणी असलेली वेल लांब कापून कुंडीतल्या ओलसर मातीवर गोल गुंडाळून ठेवा, मणी अर्धे मातीत टेकलेले, अर्धे वर, आणि वेल हलू नये म्हणून साडीची पिन नाहीतर तारेचा यू करून खोचा. मणी पूर्ण पुरायचे नाहीत. गाठीतून खाली मुळं फुटतात, वर नवीन वेल येते, आणि तुमची जी वरून टक्कल पडलेली कुंडी आहे ती याच पद्धतीने भरते.

टकलाचं दुसरं कारण उजेड. लोक हे झाड छताजवळ टांगतात, वेली खाली उजेडात लोंबतात आणि कुंडीचं तोंड अंधारात. उजेड कुंडीच्या तोंडावर पडला पाहिजे! सकाळचं कोवळं ऊन चालतं, आवडतंच, एप्रिल-मेचं दुपारचं ऊन मात्र पानं भाजतं. पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर वाढायला लागलं आणि चंदेरी नक्षी फिकी पडली की समजा उजेड कमी पडतोय.

कीड म्हणाल तर पेरांमध्ये कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसून काढा. जवळ रुई किंवा कण्हेर असेल तर तिच्यावरचा पिवळा मावा इकडेही येतो. खत फार नको, पाऊस ओसरल्यावर मूठभर गांडूळखत पुरे.

फूल आलं तर घाईत पाणी घालून पुढे जाऊ नका, जवळून बघा. जेमतेम इंचभर, खाली फुगीर गुलाबी बुड, वर नळी आणि टोकाला गडद जांभळ्या पाकळ्या एकमेकींना चिकटून पिंजरा झालेला. आत खाली वळलेले केस असतात, बारीक माशी आत शिरते पण केस सुकेपर्यंत बाहेर पडू शकत नाही, आणि तिच्याकडूनच परागीभवन होतं. आपल्या सह्याद्रीतली कंदीलपुष्पं याचीच भावंडं, हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई, कासची सेरोपेजिया जैनी. तीही कंदावर जगतात, पावसाळा संपला की वरून वाळतात आणि पुढच्या पावसात परत येतात. यातल्या कित्येक जाती फार थोड्या जागी उरल्यात, त्यामुळे ट्रेकला दिसली तर फोटो काढा पण कंद उकरून घरी आणू नका, कळकळीची विनंती आहे. हौसेला हे आफ्रिकेचं नर्सरीत मिळतंच की.

आज कुंडी पावसातून आत घ्या, पाणी बंद, आणि उद्या मुळांचा फोटो टाका, मोठ्या कंदाचाही. कंद मऊ निघाला तर कुठली वेल कुठून कापायची ते फोटोवर खुणा करून सांगते.