फोन रीसेट करायच्या आधी हे वाच, प्लीज

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. एकेरी लिहितेय, राग मानू नकोस. मैत्रिणीकडे गेलीस, कुणाला सांगितलं नव्हतंस, आणि रात्री बॉयफ्रेंडने सहज विचारल्यासारखं विचारलं की तिच्या बिल्डिंगखाली पार्किंग मिळालं का. तो लपून तुझ्यावर पाळत ठेवतोय असा तुला संशय आहे. बॅटरी लवकर उतरतेय, दुकानात दाखवलास तर व्हायरस नाहीये म्हणाले, आणि आता उद्या फोन फॉरमॅट मारून मोकळी होणार आहेस. तर सगळ्यात आधी एकच: उद्या रीसेट करू नकोस. बाकीचं आवडलं नाही तरी चालेल, एवढं ऐक.

मी वकील नाही, फोनवालीही नाही. हे सगळं माझ्यावर आलं होतं आणि त्यानंतर बरंच वाचलं, विचारलं, दोन-तीन मैत्रिणींसोबत बसून त्यांचेही फोन तपासले, त्यातून जे कळलं ते लिहितेय. तुझ्या फोनचे मेनू थोडे वेगळे असतील. आणि तो हात उगारणारा असेल, धमक्या देत असेल, तर खालचं काहीही बंद करायच्या आधी महिलांसाठी मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेशी किंवा हेल्पलाइनशी बोल, तेही दुसऱ्याच्या फोनवरून. शक्यतो हे उत्तरसुद्धा त्या फोनवर वाचू नकोस.

आता रीसेटला एवढा विरोध का ते सांगते. तक्रार घेणारं एक ऑफिस, नाव लिहीत नाही. माझ्याकडे तेव्हा दोन गोष्टी होत्या. एक, फोनवर अधूनमधून एक नोटिफिकेशन यायचं की फाइंड माय डिव्हाइसने (हरवलेला फोन नकाशावर शोधायची गूगलची सोय) हा फोन शोधला, आणि मी तर काही शोधत नव्हते. दुसरं, सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (अपंगांच्या सोयीसाठीची सेटिंग्ज, पण ही परवानगी मिळालेल्या अ‍ॅपला स्क्रीनवरचं वाचता येतं) यादीत एक अ‍ॅप चालू दिसत होतं, नाव अगदी सिस्टीमचं वाटावं असं, पण होम स्क्रीनवर त्याचा आयकॉनच नाही. हे दोन्ही मी तिथे टेबलावर फोन ठेवून दाखवलं. पहिलं उत्तर काय, तर हे तुमच्या दोघांचं आहे, घरात बसून मिटवा. मी हटले नाही म्हणून मग आतल्या खोलीतल्या एकाला बोलावलं, त्याने यादी वरखाली केली, म्हणाला मॅडम ही सिस्टीमची नोटिफिकेशनं असतात, आणि तरी शंका असेल तर फोन फॉरमॅट करून देतो, सगळं साफ होईल. तिथल्या तिथे केलासुद्धा. ना एक फोटो काढला, ना अ‍ॅपचं नाव लिहून घेतलं, ना तक्रारीचा नंबर दिला.

पुढच्याच आठवड्यात माझ्या जोडीदाराने मला फोन करून विचारलं की तू अजून ऑफिसमध्ये कशी काय. म्हणजे काहीच थांबलं नव्हतं! परत त्याच टेबलावर गेले तर म्हणाले, पुरावा काय आहे? ज्यांनी पुसला तेच विचारतायत पुरावा काय आहे. आजही हे लिहिताना हात थरथरतो माझा. नंतर माझी तक्रार जिथे नीट घेतली गेली तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न हा विचारला की ते अ‍ॅप कोणतं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि थांबलं का नाही, ते समजून घे, कारण तुझंही तेच असायची खूप शक्यता आहे. माझा फोन नवीन आला तेव्हा त्यानेच सेट करून दिला होता. घरातल्या एका जुन्या टॅबवर माझं गूगल अकाउंट लॉगिन राहिलेलं होतं, आणि तो टॅब त्याच्याकडे. त्या टॅबवरून माझा फोन कुठे आहे ते नकाशावर बघायला त्याला माझ्या फोनला हातसुद्धा लावायची गरज नव्हती. फोन फॉरमॅट झाला, मी परत त्याच अकाउंटने लॉगिन केलं, फोन परत नकाशावर. फॉरमॅटने ते लपलेलं अ‍ॅप तेवढं गेलं, म्हणजे जे पुरावा म्हणून कामाला आलं असतं नेमकं तेच गेलं, आणि अकाउंटचं दार उघडंच राहिलं. लोक फोनमध्ये व्हायरस शोधत बसतात, पण जोडीदाराला व्हायरस लागतोच कशाला, त्याला तुझा पिन माहीत असतो, पासवर्ड माहीत असतो, तू आंघोळीला गेलीस की दहा मिनिटं फोन हातात असतो.

म्हणून आधी हे बघ की त्याला नेमकं काय कळतंय. बॅटरीवर जाऊ नकोस, बॅटरी शंभर कारणांनी उतरते. त्याला फक्त जागा कळतेय की मेसेजमधलं बोलणंही कळतंय? फक्त जागा, तर बहुतेक लोकेशन शेअरिंग, अकाउंट किंवा टॅग (चाव्या, पर्स हरवू नये म्हणून लावतात ती छोटी ब्लूटूथ चकती). बोलणंही, तर व्हॉट्सअ‍ॅप दुसरीकडे जोडलेलं असेल किंवा फोनमध्ये अ‍ॅप आहे. गाडीने गेलीस तरच कळतं, रिक्षाने किंवा पायी गेलीस की कळत नाही, तर गाडीत काहीतरी आहे. फोन घरी ठेवून गेलीस तरी कळलं, तर पर्समध्ये किंवा गाडीत. तू पोस्टमध्ये पार्किंगचं लिहिलंयस, म्हणून गाडी माझ्या डोक्यात आली. त्याने काय म्हटलं, कधी म्हटलं, तू तेव्हा खरंच कुठे होतीस, हे तारीख-वेळेसकट लिहीत जा, कागदावर, आणि कागद घरात नको.

मग अकाउंट. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बस, प्रायव्हेट विंडो उघड, गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये तुमची डिव्हाइसेस अशी यादी असते. त्यात प्रत्येक डिव्हाइसचं नाव आणि शेवटचं कधी वापरलं ते दिसतं. तुझं नसलेलं काही दिसलं तर लगेच साइन आउट दाबू नकोस, आधी पूर्ण स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोनने काढ, तारीख दिसेल असा. रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर वापरायचा, ईमेल आणि नंबर कुणाचा आहे ते बघ. तिथे त्याचा असेल तर तू पासवर्ड कितीही बदल, तो परत आत येऊ शकतो. मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टॅप करून लोकेशन शेअरिंग उघड, तिथे 'बंद करेपर्यंत' असं कुणासोबत चालू आहे का ते दिसतं. त्याचाही फोटो.

आयफोन असेल तर काम जरा सोपं आहे, २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर सेफ्टी चेक आलंय, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या खाली. त्यात इमर्जन्सी रीसेट आहे, एका झटक्यात सगळं शेअरिंग बंद करणारं, आणि मॅनेज शेअरिंग अँड अ‍ॅक्सेस आहे, कोण काय बघतंय ते एकेक करून दाखवणारं. माझं मत, जीवाला धोका नसेल तर दुसरं आधी उघड आणि फोटो काढत जा. धोका असेल, आणि तू सुरक्षित ठिकाणी पोचली असशील, तर फोटोबिटो सोड, पहिलं वापर. फाइंड माय मधली पीपलची यादी आणि फॅमिली शेअरिंग पण बघ.

अँड्रॉइडवर लपलेलं अ‍ॅप शोधायचं तर अ‍ॅप्सच्या साध्या यादीत डोळे फोडत बसू नकोस. चार ठिकाणी बघ: अ‍ॅक्सेसिबिलिटी, डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स (फोनवर जास्तीचा ताबा दिलेली अ‍ॅप), नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस, आणि अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी कुणाला दिलीय ते. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (धोकादायक अ‍ॅप तपासणारी सोय) बंद असेल आणि तू केलेलं नसेल, तर कुणीतरी केलंय. अँड्रॉइड १२ पासून प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे, कोणत्या अ‍ॅपने कधी लोकेशन घेतलं ते त्यात दिसतं. आणि नोटिफिकेशन हिस्टरी चालू करून ठेव, ती अँड्रॉइड ११ पासून आहे, सरकवून टाकलेली नोटिफिकेशनं त्यात २४ तास राहतात. मला ती तेव्हा माहीत असती तर त्या आतल्या खोलीतल्या माणसाला दाखवली असती. अशा अ‍ॅपना स्टॉकरवेअर म्हणतात, आणि त्याविरुद्ध २०१९ पासून कोअ‍ॅलिशन अगेन्स्ट स्टॉकरवेअर नावाचा संस्थांचा गट काम करतोय, त्यांच्या साइटवर पीडितांसाठी चांगली माहिती आहे. पण परत सांगते, दुसऱ्या फोनवरून वाच, कारण असं अ‍ॅप असेल तर तू काय शोधतेस तेही त्याला दिसू शकतं. म्हणूनच पासवर्डही त्या फोनवरून बदलायचा नाही.

आता गाडी आणि पर्स. एअरटॅगसारखे ब्लूटूथ टॅग असतील तर फोनच सांगू शकतो. मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि गूगलने मिळून सोय केलीय, आयओएस १७.५ किंवा अँड्रॉइड ६, अथवा त्यापुढचा फोन असेल तर अनोळखी टॅग तुझ्यासोबत फिरत असल्याचं नोटिफिकेशन येतं, कंपनी कुठलीही असो, फक्त टॅगवाल्याने तो नियम पाळलेला हवा. अँड्रॉइडवर सेफ्टी अँड इमर्जन्सीमध्ये अननोन ट्रॅकर अलर्ट्स आहे, तिथून लगेच स्कॅनही करता येतं. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेव. पण नोटिफिकेशन आलं नाही म्हणजे काही नाही असं धरू नकोस, कारण सिमकार्डवाले जीपीएस ट्रॅकर या सोयीत येतच नाहीत, ते हातानेच शोधावे लागतात. सीटखाली, डिकीतल्या स्टेपनीजवळ, बंपरच्या आतल्या बाजूला चुंबकाने चिकटवलेला, आणि स्टेअरिंगखाली जो डायग्नोस्टिक सॉकेट असतो त्यात खोचलेला. दुचाकी असेल तर सीटखालची जागा आणि बॅटरीच्या आसपास. ओळखीच्या मेकॅनिकला गाडी वर उचलून बघायला सांग, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीचं स्वतःचं कंपनीचं अ‍ॅप असेल आणि ते त्याच्या नंबरवर रजिस्टर असेल, तर वेगळा ट्रॅकर लावायचीही गरज नाही, हे बऱ्याच जणींना सुचत नाही.

सापडला तर उपटून फेकू नकोस. आहे त्या जागी फोटो काढ, मग आजूबाजूचं दिसेल असा लांबून एक. एअरटॅग असेल तर एनएफसीवाल्या (टेकवून पैसे देता येतात तशा) फोनच्या मागे टेकव, एक पान उघडतं, त्यावर सिरीयल नंबर आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. माझ्या एका मैत्रिणीला त्या चार आकड्यांवरूनच कळलं, तिला तो नंबर तोंडपाठ होता. मागचं झाकण दाबून उलटं फिरवलं की बॅटरी निघते आणि टॅग बंद पडतो. पण कधी बंद करायचा ते तू ठरव, कारण बंद झाला की त्याला कळणार. तो रागाच्या भरात दारात येऊन उभा राहू शकतो, त्या रात्री तू कुठे असशील आणि कुणासोबत, हे आधी ठरलेलं असू दे.

बंद करायचा क्रम मी असा ठेवला असता: फोटो आणि नोंदी दुसरीकडे, स्वच्छ फोनवरून नवा ईमेल, मग मुख्य अकाउंटचा पासवर्ड, रिकव्हरी, टू-स्टेप (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सोय), मग अनोळखी डिव्हाइस साइन आउट, शेअरिंग बंद, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक्ड डिव्हाइसेस काढणं, स्क्रीनचा पिन. फोनमध्ये ते अ‍ॅप सापडलं असेल तर फोन तसाच बंद करून ठेव आणि तक्रारीसाठी जप, जमलं तर काही दिवस दुसरा फोन वापर. रीसेट सगळ्यात शेवटी, तक्रार लेखी घेतल्यावर, आणि रीसेटनंतर जुना बॅकअप परत ओढू नकोस, लागतील ती अ‍ॅप एकेक करून घाल. फिंगरप्रिंटच्या यादीत त्याचं बोट असतं कधीकधी, ते कुणी बघतच नाही. टॅक्सीच्या अ‍ॅपचं अकाउंट, जोडखात्याचे मेसेज ज्यात दुकानाचं नाव येतं, फोटोंचा शेअर केलेला अल्बम, धावायचं-चालायचं अ‍ॅप, हे पण बघून घे.

तुला कुणीतरी म्हणेल की समोर बसून विचार ना त्याला, प्रेमापोटी करत असेल, काळजी असेल. मला हे अजिबात पटत नाही. काळजी असलेला माणूस विचारतो, पोचलीस का म्हणून मेसेज करतो. दोघांनी ठरवून लोकेशन शेअर करणं वेगळं, ते तू हवं तेव्हा बंद करू शकतेस आणि त्यावरून भांडण होत नाही. लपवून केलं म्हणजे विचारलं तर नाही म्हणशील हे त्याला माहीत होतं. आणि पुरावा हातात यायच्या आधी विचारलंस तर तो पुसून टाकेल, तूच संशयी ठरशील, वर पुढच्या वेळी जास्त चांगलं लपवेल.

तक्रारीला जाताना एकटी जाऊ नकोस. फोन कुणाच्या हातात देऊ नकोस, स्वतः धरून दाखव. द्यावाच लागला तर काय दिलं त्याची लेखी पावती घे. 'फॉरमॅट करून देतो' म्हणाले तर नको म्हण, आणि तक्रार घेत नसतील तर त्यांच्या वरच्या ऑफिसला लेखी अर्ज दे, पोचपावतीसकट. माझं काम शेवटी तसंच पुढे सरकलं, आणि सोबत त्या टॅबचा डिव्हाइस यादीतला फोटो होता, तो मी दुसऱ्या वेळी काढून ठेवला होता.

फोनचं मॉडेल आणि गाडी कोणती ते मला कळव, कुठला मेनू कुठे आहे ते एकेक करून सांगते. फक्त उत्तर मैत्रिणीच्या फोनवरून दे, आणि तिच्या फोनवरही इथून लॉगआउट करून उठ.