सही हुबेहूब जुळते, म्हणूनच शंका येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील निवृत्त शिक्षक होते, २०२१ मध्ये वारले. आता थोरल्या भावाने २०१९ चं मृत्युपत्र पुढे केलंय. त्यावरची सही बँकेतल्या सहीशी तंतोतंत जुळते, तरी तुमचं मन मानत नाही. फोटो पाठवला तर खरं-खोटं कळेल का?

फोटोवरून नाही कळणार. त्यात पेनाचा दाब दिसत नाही. पण तुमचा 'तंतोतंत' हा शब्द मला खटकला. मी वादग्रस्त सह्या तपासण्याचं काम करतो. कोणताही माणूस दोनदा अगदी एकसारखी सही करत नाही. आत्ता स्वतःच्या दहा सह्या करून बघा, एखादी वेलांटी लांबेल, शेवटचा फराटा कधी वर कधी खाली जाईल. दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या आणि काना-मात्रेसकट बसल्या, तर एक दुसरीवरून गिरवल्याचा संशय घ्यायलाच हवा.

गिरवणारा सही करत नाही, सहीचं चित्र काढतो. ओघात केलेल्या सहीत पेन टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो, म्हणून रेषेची टोकं निमुळती येतात. गिरवलेल्या सहीत टोकं बोथट, दाब सगळीकडे सारखा, आणि हात जिथे थबकला तिथे शाईचा ठिपका. कागदावर बाजूने तिरपा उजेड टाकला की कधी कोरड्या टोकाने आधी काढलेला चरही दिसतो. एका दस्तावर 'क'च्या पोटात शाई एका वाटेने आणि चर दुसऱ्या वाटेने गेलेला मी पाहिलाय. नुसती थरथर मात्र पुरावा धरू नका, म्हातारपणी खरी सहीही थरथरते.

सगळ्यात जास्त जपायचं ते नमुना सह्यांना, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या खात्रीच्या सह्यांना. १९८३ मध्ये जर्मनीच्या 'श्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या छापायला घेतल्या. अक्षरतज्ज्ञांनी अक्षर त्याचंच असल्याचा निर्वाळा दिला होता. घात असा झाला की तुलनेसाठी दिलेल्या कागदांतही या खोट्या डायऱ्या लिहिणाऱ्या कोनराड कुयाउच्याच हातचे कागद होते! शेवटी कागदानेच बिंग फोडलं. त्यात शुभ्रपणासाठी घातलेलं रसायन युद्धानंतर वापरात आलेलं होतं.

म्हणून भावाने आणून दिलेली एकही सही नमुना म्हणून मान्य करू नका. वडिलांना पेन्शन होती ना? मग दर नोव्हेंबरला त्यांनी हयातीच्या दाखल्यावर सही केली असेल. २०१७ ते २०२० चे दाखले वकिलांमार्फत मागवा. बँकेतली ती सहीही मूळ कागदावरच तपासायला मागा, कारण मृत्युपत्रावरची सही गिरवली असेल तर बहुधा तिच्यावरूनच.

आणि मृत्युपत्र खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ते पुढे करणाऱ्या भावावर आहे, तुमच्यावर नाही. दोन साक्षीदारांपैकी हयात असलेल्या निदान एकाला तरी कोर्टात उभं करणं भावाला भाग असतं. तज्ज्ञाचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसतं, त्यामुळे त्या साक्षीदाराची उलटतपासणी नीट होऊ द्या.

मूळ मृत्युपत्र पाहायला मिळालं तर त्यावर पेन्सिलचीही खूण करू नका, टाचणी लावू नका, नवी घडी पाडू नका.